वाचकांचे प्रश्न : पाल्मिराची लढाई नेमकी कशासाठी?

सीरियातील यादवी युद्धात प्राचीन वास्तूंची जी हानी झाली तिच्यावरील लेख गेल्या अंकात प्रसिद्ध झाल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे पाल्मिराविषयी आहेत. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच शहराला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांच्या नावांऐवजी गावे दिली आहेत.

प्रश्न : मार्च 2016 मध्ये सीरियाच्या सैन्याने इसिसकडून पाल्मिरा परत घेतले, तेव्हा जगाचा वारसा वाचला म्हणून सर्वत्र आनंद व्यक्त झाला होता. परंतु ज्या सरकारला चहूबाजूंनी शत्रूंनी घेरले होते, त्याने केवळ पडक्या देवळांसाठी वाळवंटात एवढी फौज धाडावी हे पटत नाही. खरे कारण काय होते? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

आपली शंका रास्त आहे. दमास्कसच्या ईशान्येस सुमारे 215 किलोमीटरवर, सीरियाच्या वाळवंटाच्या जवळपास मधोमध हे शहर वसले आहे आणि आजूबाजूला मैलोन्‌मैल पाणी नसताना तेथे मात्र झरे व खजुराच्या बागा आहेत. एफ्का नावाच्या झऱ्यावर प्राचीन वस्ती उभी राहिली, व्यापारी तांडे तेथे विसावू लागले आणि त्याच कारणाने आजचे रस्तेही तेथेच येऊन मिळतात. पश्चिमेकडे होम्स, नैर्ऋत्येकडे दमास्कस, पूर्वेकडे सुखना गावावरून युफ्रेटिसकाठचे देर-अझ-झोर, असा हा तिठा आहे. देर-अझ-झोरमध्ये सरकारी सैन्याची तुकडी इसिसच्या वेढ्यात अडकून पडली होती आणि तिला केवळ विमानांतून रसद मिळत होती. खुष्कीच्या मार्गाने तिच्यापर्यंत पोहोचायचे तर पाल्मिरा हातात असणे भाग होते.

याखेरीज शहराच्या आसपास शाएर, जझल, अराक ही वायू आणि तेलाची क्षेत्रे आहेत, नैर्ऋत्येस खुनैफिसच्या फॉस्फेटच्या खाणी आहेत आणि होम्सच्या वाटेवर टी-4 हा मोठा हवाई तळ आहे. सरकारी वीजकेंद्रांना लागणारा वायू याच पट्ट्यातून येत असे. मे 2015 मध्ये इसिसने पाल्मिरा घेतले तेव्हा सरकारने देवळांबरोबर यातील बरेच काही गमावले होते. दमास्कसमधील सेनाधिकाऱ्यांच्या नकाशावर बेल या प्राचीन देवाच्या मंदिराला किती महत्त्व असेल आणि वायुवाहिनीला किती, याचा अंदाज वाचकांनीच बांधावा.

मात्र अवशेषांचा या निर्णयाशी काहीच संबंध नव्हता असे म्हणणेही चूक ठरेल. मोहीम चालू असतानाच, मार्च 2016 च्या मध्यास, जिनिव्हात शांतताचर्चेची नवी फेरी सुरू झाली होती. ज्या राजवटीवर स्वतःच्याच नागरिकांवर बॉम्ब टाकल्याचे आरोप होते, तिला युनेस्कोच्या यादीतील शहर इसिसच्या तावडीतून सोडवणारे सैन्य म्हणून जगासमोर उभे राहता येणार होते. रस्ता, वायू आणि ही प्रतिमा तिन्ही एकाच ठिकाणी मिळत होती. तशी दुसरी जागा सीरियात नव्हती.

प्रश्न : मोहीम प्रत्यक्षात कशी लढली गेली? सीरियाच्या सैन्याने ती एकट्याने जिंकली काय? (बेळगाव, नाशिक आणि मस्कत येथून आलेले प्रश्न)

एकट्याने मुळीच नाही. तीन गोष्टी जुळून आल्या म्हणून ही मोहीम शक्य झाली.

पहिली गोष्ट रशियाची विमाने. रशियाने 30 सप्टेंबर 2015 पासून सीरियात हवाई हल्ले सुरू केले होते. दुसरी गोष्ट 27 फेब्रुवारी 2016 पासून लागू झालेला युद्धविराम. अमेरिका आणि रशियाने मिळून घडवून आणलेल्या या विरामातून इसिस आणि अल-कायदाशी जोडलेली नुस्रा आघाडी यांना वगळले होते. त्यामुळे अन्य बंडखोरांशी लढणाऱ्या सरकारी तुकड्यांना उसंत मिळाली आणि त्यांतील चांगल्या तुकड्या पूर्वेकडे वळवता आल्या. तिसरी गोष्ट म्हणजे बाहेरचे मनुष्यबळ. पाच वर्षांच्या युद्धाने सीरियाचे नियमित सैन्य पुरते खंगले होते. आघाडीवर त्याच्याबरोबर ‘वाळवंटी ससाणे’ म्हणून ओळखली जाणारी निमलष्करी तुकडी आणि सीरियाचे सेनाधिकारी सुहैल अल-हसन यांचे ‘टायगर फोर्सेस’ होते, तसेच लेबनॉनचे हिजबुल्ला, इराणचे क्रांतिरक्षक, इराणने उभारलेले अफगाण शियांचे फातेमियून दल आणि रशियाचे भाडोत्री सैनिकही होते. म्हणजे मॉस्को आणि तेहरान यांच्या बळावर दमास्कसचा झेंडा पुढे सरकत होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पश्चिमेकडून चढाई सुरू झाली. होम्सकडून येणारा रस्ता शहराजवळ पोहोचताना उघड्या माळावरून निघून डोंगरांच्या दोन रांगांमध्ये शिरतो. ज्याच्या हाती डोंगर त्याच्या तोफांच्या टप्प्यात रस्ता, हा तेथील साधा हिशेब. सैन्याने म्हणूनच सरळ रस्त्याने धाव न घेता आधी नैर्ऋत्येकडील हय्याल डोंगर, मग शहराबाहेरचा रस्त्यांचा तिठा आणि त्यानंतर प्राचीन थडग्यांच्या खोऱ्याच्या वरच्या टेकड्या असा एकेक उंचवटा घेतला. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाच्या सांगण्यानुसार 7 ते 27 मार्च या काळात रशियन विमानांनी सुमारे 500 फेऱ्या केल्या. इसिसने माघार घेताना वाटेत सुरुंग पेरले, आत्मघाती मोटारी सोडल्या. परंतु उघड्या वाळवंटात मोटार दुरूनच दिसते आणि ज्याच्याकडे विमाने नाहीत त्याला तेथे दडायला जागा नसते.

मस्कतच्या वाचकांनी विचारलेल्या रशियन अधिकाऱ्याची गोष्ट खरी आहे. अलेक्झांडर प्रोखोरेंको नावाचा 25 वर्षांचा लेफ्टनंट शत्रूच्या प्रदेशात लपून विमानांना लक्ष्ये सांगत होता. 17 मार्चला वेढला गेल्यावर त्याने स्वतःच्याच ठिकाणावर हल्ला करण्याचा संदेश दिला आणि त्यात तो मरण पावला. त्याला मरणोत्तर ‘रशियाचा वीर’ हा किताब मिळाला. गमतीचा भाग असा की, व्लादिमीर पुतिन यांनी 14 मार्चलाच, म्हणजे लढाई भरात असताना, सीरियातून मुख्य फौज मागे घेत असल्याचे जाहीर केले होते.

24 मार्चला सैन्य शहराच्या वेशीत शिरले. दुसऱ्या दिवशी टेकडीवरचा किल्ला पडला. या किल्ल्याला सतराव्या शतकातील द्रूझ अमीर फख्र अद्‌-दीन याचे नाव असले तरी तो त्याच्याही बराच आधीचा, तेराव्या शतकाच्या आसपासचा आहे. तेथून सगळे अवशेष, नवे शहर आणि पूर्वेकडचा विमानतळ नजरेखाली येतो. किल्ला गेल्यावर शहर राखणे इसिसला शक्य राहिले नाही. 27 मार्चला, रविवारी, सरकारने पाल्मिरा मुक्त झाल्याचे घोषित केले. ब्रिटनमधून युद्धाची नोंद ठेवणाऱ्या सीरियन ऑब्झर्व्हेटरीच्या अंदाजानुसार इसिसचे सुमारे 400 आणि सरकारच्या बाजूचे 188 जण या लढाईत मारले गेले.

पुढे 5 मे रोजी रशियाने त्याच शहरातील रोमन नाट्यगृहात वालेरी गेर्गिएव्ह यांच्या संचालनाखाली मारिन्स्की वाद्यवृंदाची मैफल भरवली आणि पुतिन दूरचित्रवाणीवरून श्रोत्यांशी बोलले. त्याच रंगमंचावर वर्षभरापूर्वी इसिसने पोरसवदा मुलांच्या हातून 25 सरकारी सैनिकांना गोळ्या घालायला लावून त्याचे चित्रण प्रसृत केले होते. एकाच रंगमंचाचा दोन्ही पक्षांनी जगाला आपापला देखावा दाखवण्यासाठी वापर केला. या दोन कृत्यांची बरोबरी होऊ शकत नाही, हे उघड आहे. तरीही शहराचा ताबा घेणाऱ्या प्रत्येकाला पहिली आठवण कॅमेऱ्याची झाली, हे नजरेआड करता येत नाही.

प्रश्न : मग इतक्या मेहनतीने घेतलेले शहर नऊ महिन्यांत पुन्हा हातचे कसे गेले? (पुणे)

कारण विजयाचा सोहळा झाला, पण विजय राखण्यासाठी लागणारे सैन्य तेथे ठेवलेले नव्हते. 2016 च्या अखेरीस सरकारची सर्व ताकद अलेप्पोवर एकवटली होती. तेथील बंडखोरांचा शेवटचा पट्टा डिसेंबरच्या मध्यास कोसळला आणि नेमक्या त्याच दिवसांत इसिसने पाल्मिराच्या पूर्वेकडून व उत्तरेकडून हल्ला चढवला. 8 डिसेंबरला लढाई सुरू झाली. रशियाच्या विमानांनी एका रात्रीपुरते हल्लेखोरांना मागे रेटले, तरी 11 डिसेंबरला शहर पडले. रशियाने उन्हाळ्यात तेथे उभारलेला तळही सोडावा लागला. मागे राहिलेली जड शस्त्रे इसिसच्या हाती लागली आणि त्यांतील रणगाडे व वाहने नष्ट करण्यासाठी अमेरिकेच्या नेतृत्वाखालील आघाडीला स्वतंत्र हवाई हल्ले करावे लागले.

दुसरी मोहीम जानेवारी 2017 पासून, पुन्हा टी-4 तळाकडून आणि पुन्हा त्याच डोंगरांवरून झाली. 2 मार्च 2017 रोजी शहर दुसऱ्यांदा सरकारकडे आले. या वेळी मात्र सैन्य तेथे थांबले नाही. ते पुढे सरकत राहिले. ऑगस्टमध्ये सुखना घेतले गेले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला देर-अझ-झोरचा वेढा फुटला. पहिल्या उत्तरात ज्या रस्त्याचा उल्लेख केला, त्याचे सैन्याला एवढे महत्त्व का होते ते या क्रमावरून दिसते. फॉस्फेटच्या खाणींचे उत्पन्न पुढे करारानुसार मोठ्या प्रमाणावर एका रशियन कंपनीकडे गेले.

प्रश्न : नेमके काय नष्ट झाले? लढाईत झालेले नुकसान आणि इसिसने मुद्दाम केलेले नुकसान यांत फरक करता येतो का? आणि पुनर्बांधणी व्हावी काय? (मुंबई आणि कोल्हापूर येथील वास्तुशास्त्राचे विद्यार्थी)

बहुतांशी करता येतो. मोठा विध्वंस सुरुंग लावून, सवडीने आणि कॅमेऱ्यासमोर झाला. ऑगस्ट 2015 च्या शेवटच्या आठवड्यात बालशमिनचे मंदिर आणि त्यापाठोपाठ इ. स. 32 मध्ये अर्पण झालेल्या बेलच्या मंदिराचा गाभारा उडवला गेला. गाभाऱ्याचे उंच प्रवेशद्वार तेवढे उभे राहिले. एलाहबेलच्या कुटुंबाचा मनोरा (इ. स. 103) आणि इतर मनोऱ्यासारखी थडगी जमीनदोस्त झाली. ऑक्टोबरमध्ये स्तंभमार्गाच्या तोंडाशी असलेली कमान पडली. दुसऱ्या ताब्यात, जानेवारी 2017 मध्ये चतुःस्तंभ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूचे बहुतेक खांब आणि नाट्यगृहाच्या दर्शनी भागाचा मध्य गेला. संग्रहालयातील ज्या मूर्ती हलवता आल्या नव्हत्या त्यांचे चेहरे हातोड्याने फोडले गेले. मात्र पुरातत्त्व खात्याने शेकडो वस्तू शहर पडण्याआधी ट्रकमधून दमास्कसला नेल्या होत्या. याच खात्याचे चाळीस वर्षे तेथील प्रमुख असलेले, ऐंशी ओलांडलेले विद्वान खालेद अल-असद यांची इसिसने 18 ऑगस्ट 2015 रोजी जाहीरपणे हत्या केली.

मार्च 2016 च्या लढाईत भीती होती त्यापेक्षा अवशेषांना कमी इजा झाली. खात्याचे तेव्हाचे महासंचालक मामून अब्दुलकरीम यांनी सुमारे 80 टक्के अवशेष सुस्थितीत असल्याचे सांगितले होते. पण सैन्य निर्दोष होते असा त्याचा अर्थ नाही. इसिस येण्यापूर्वी सरकारी सैन्यानेच प्राचीन दफनभूमीतून रस्ता आणि मातीचे बांध काढल्याचे उपग्रहचित्रांत दिसले होते, आणि 2016 च्या उन्हाळ्यात रशियाचा तळही संरक्षित हद्दीत उभा राहिला. त्यावर अब्दुलकरीम यांचे म्हणणे असे होते की, इसिस अवघ्या काही किलोमीटरवर असताना सैनिकांना दूर जा म्हणून सांगता येत नाही. व्यवहारात ते खोटे नव्हते, पण युद्धकाळात सांस्कृतिक वारसा जपण्यासाठी झालेल्या 1954 च्या हेग कराराला हे अपेक्षित नाही.

पुनर्बांधणीविषयी आमचे मत सावध आहे. ज्या चतुःस्तंभाबद्दल जग हळहळले त्याच्या 16 खांबांपैकी इजिप्तच्या गुलाबी ग्रॅनाइटचा मूळ खांब एकच होता; बाकीचे विसाव्या शतकात काँक्रीटमध्ये उभारलेले होते. बेलचे मंदिर आधी देऊळ, मग चर्च, मग मशीद होते आणि 1930 च्या आसपास फ्रेंच राजवटीने त्याच्या आवारातले अख्खे गाव उठवून बाहेर वसवले, तेव्हा कुठे आपल्याला चित्रांतून ठाऊक असलेले ‘शुद्ध’ रोमन पाल्मिरा तयार झाले. त्यामुळे कोणत्या शतकातले पाल्मिरा पुन्हा उभारायचे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. पडलेले मूळ दगड जिथे ओळखता येतात तिथे ते जागेवर बसवणे योग्य ठरेल. याउलट एप्रिल 2016 मध्ये लंडनच्या ट्रफॅल्गर चौकात यंत्राने कोरलेल्या संगमरवराची छोटी कमान उभारली गेली. तिला पाल्मिराच्या वारसारक्षणाचे काम म्हणणे आम्हांला जड जाते. इसिसने फोडलेला अल-लात देवीचा सिंह पोलंडच्या तज्ज्ञांनी तुकडा तुकडा जुळवून 2017 मध्ये दमास्कसमध्ये पुन्हा उभा केला. खरे काम असे, वेळखाऊ आणि कमी दिखाऊ असते.

प्रश्न : या विध्वंसाबद्दल कोणाला शिक्षा झाली का? (नागपूर)

पाल्मिराबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला उभा राहिलेला नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने सप्टेंबर 2016 मध्ये मालीतील टिंबक्टू येथील पवित्र दर्गे पाडल्याबद्दल अहमद अल-फकी अल-महदी याला नऊ वर्षांची कैद दिली, ही या विषयातील मोठी नजीर आहे. परंतु माली त्या न्यायालयाचा सदस्य होता आणि सीरिया नव्हता. सुरक्षा परिषदेने प्रकरण सोपवले तरच मार्ग खुला होता, आणि सीरियाचे प्रकरण सोपवण्याचा ठराव 2014 मध्येच रशिया व चीनच्या नकाराधिकाराने बारगळला होता. पाल्मिरा सोडवल्याचे श्रेय घेणाऱ्या देशानेच ही वाट बंद केली होती, ही विसंगती नोंदवण्याजोगी आहे.

प्रश्न : पाल्मिरावर पूर्वीही अशा मोहिमा झाल्या होत्या का? भारताशी त्या शहराचा काही संबंध होता का? (पणजी)

झाल्या होत्या, आणि वाटाही जवळपास त्याच होत्या. राणी झेनोबियाने रोमच्या पूर्वेकडील प्रांतांवर सत्ता बसवल्यावर सम्राट ऑरेलियन इ. स. 272 मध्ये तिच्यावर चालून आला. त्याने अँटिओकजवळ आणि नंतर एमेसा येथे, म्हणजे आजच्या होम्सजवळ, तिच्या सैन्याचा पराभव केला आणि वाळवंट ओलांडून शहराला वेढा दिला. झेनोबिया युफ्रेटिसकडे निसटताना पकडली गेली. ऑरेलियनची पाठ फिरताच शहराने बंड केले. 273 मध्ये त्याला परत येऊन ते दुसऱ्यांदा घ्यावे लागले आणि या वेळी त्याने ते लुटले. मोठी फौज निघून गेल्यावर मागे ठेवलेली शिबंदी अपुरी पडण्याची अडचण त्यालाही चुकली नव्हती.

भारताशी संबंध व्यापाराचा. पाल्मिराचे व्यापारी युफ्रेटिसमार्गे इराणी आखाताच्या टोकाला जात आणि तेथून जहाजाने पूर्वेकडे येत. इ. स. 157 च्या एका शिलालेखात, ‘सिथिया’हून म्हणजे सिंधूच्या मुखाजवळच्या प्रदेशातून जहाजाने परतलेल्या व्यापाऱ्यांनी आपल्या आश्रयदात्याचा गौरव केला आहे. दुसरा संबंध लष्करी आहे. दुसऱ्या महायुद्धात विशी फ्रान्सच्या (जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच सरकारच्या) ताब्यातील पाल्मिराला ब्रिटिश फौजेने वेढा घातला आणि 3 जुलै 1941 रोजी तेथील शिबंदी शरण आली; त्याच दिवशी विल्यम स्लिम यांच्या नेतृत्वाखालील दहाव्या भारतीय डिव्हिजनने देर-अझ-झोर घेतले.

प्रश्न : अवशेषांबद्दल इतके वाचायला मिळते, तेथे राहणाऱ्या माणसांचे काय झाले? (सोलापूर)

हा प्रश्न एकाच पत्रात आला. अवशेषांना लागूनच तदमुर नावाचे नवे शहर आहे आणि युद्धापूर्वी तेथे 50 हजारांहून अधिक लोक राहत. मार्च 2016 मध्ये सैन्य आत शिरले तेव्हा शहर जवळजवळ रिकामे होते. काही कुटुंबे होम्सकडे गेली, काही उत्तरेकडे, तर बरीच जॉर्डनच्या सीमेवरील रुकबान छावणीत पोहोचली आणि वर्षानुवर्षे अन्नपाण्याच्या टंचाईत तेथेच अडकून पडली. दोन वेळा झालेल्या मुक्तीनंतरही त्यांतले थोडेच परतले, कारण घरे पडली होती, सुरुंग होते आणि परतणाऱ्याला सरकारी हेरखात्याची धास्ती होती.

ही धास्ती जुनी आहे. तदमुरचे नाव सीरियात देवळांपेक्षा तुरुंगामुळे अधिक दबकत घेतले जाई. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हाफेज अल-असद यांच्यावर झालेल्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, 27 जून 1980 रोजी, त्यांच्या भावाच्या पथकांनी त्या तुरुंगात शेकडो कैद्यांची कत्तल केली होती. मे 2015 मध्ये इसिसने हा तुरुंग उडवून दिला, तेव्हा त्या राजवटीचे अनेक माजी कैदी हळहळले, कारण आपल्यावरील अत्याचारांचा पुरावाही त्या स्फोटात गेला. युनेस्कोच्या यादीत ही इमारत अर्थातच नव्हती. डिसेंबर 2024 मध्ये असद राजवट कोसळली, 2025 मध्ये रुकबानची छावणी रिकामी झाली, आणि तदमुरचे रहिवासी आता थोडे थोडे करून परत येऊन स्वतःच्या खर्चाने घरे बांधू लागले आहेत.